रॅम घ्यायची की नाही? संथ डेस्कटॉप आधी असा तपासा

कॉम्प्युटर संथ झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "रॅम वाढव." रॅम म्हणजे चालू कामाचा मजकूर ठेवण्याची जलद, तात्पुरती जागा. सल्ला देणाऱ्याने मशीनकडे ढुंकूनही पाहिलेले नसते. मग रॅमची पट्टी येते, बसते, मशीन सुरू होते आणि पूर्वीइतकेच रखडते. रॅम वाढवण्याचा फायदा मुख्यतः एकाच परिस्थितीत होतो, ती म्हणजे आहे ती रॅम कामाला खरोखर अपुरी पडते तेव्हा. ४ जीबीत आरामात मावणारे काम १६ जीबी दिल्याने चौपट वेगाने होत नाही. म्हणून मशीन रखडते नेमक्या त्या क्षणी रॅम संपलेली असते का, एवढेच शोधायचे आहे. त्यासाठी लागणारी सगळी साधने विंडोजमध्ये आधीपासून आहेत आणि तासाभरात निकाल लागतो.

रॅम संपली की मशीन नेमके काय करते

रॅम भरली म्हणून विंडोज लगेच प्रोग्रॅम बंद करत नाही. बराच वेळ हात न लागलेला मजकूर ते आधी रॅममध्येच दाबून लहान करते (विंडोज १० पासून ही सोय आहे) आणि तेवढ्याने भागले नाही तर डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये नेऊन ठेवते. तो मजकूर पुन्हा लागला की डिस्कवरून परत आणावा लागतो. संथपणा येतो तो या ये-जा करण्यातून.

ही ये-जा किती महाग आहे ते साध्या हिशेबाने कळते. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते आणि डोके त्या जागेपर्यंत सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एका विखुरलेल्या वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचने होतात. विंडोज रॅमचे सारखे तुकडे करून वापरते; अशा एका तुकड्याला पान म्हणतात आणि ते ४ केबीचे असते. पाने एकेक करून आणायची म्हटली तर सेकंदाला जेमतेम ३२० केबी परत येतील आणि बाहेर गेलेले १०० एमबी आणायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागेल. प्रत्यक्षात विंडोज शेजारची पाने एकत्र उचलते, त्यामुळे इतके हाल होत नाहीत. तरी मिनिमाइझ करून ठेवलेली खिडकी उघडायला अर्धा मिनिट का लागते, हे यावरून लक्षात येईल. रॅममधून तीच माहिती एका मायक्रोसेकंदाच्याही आत मिळते.

एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, असेल तर हीच ये-जा शेकडो पटींनी जलद होते. म्हणून एसएसडी असलेल्या मशीनवर रॅमची टंचाई लपून राहते: मशीन गोठत नाही, फक्त मधूनमधून अडखळते.

मशीन रखडवा आणि मग मोजा

सकाळी मशीन चालू करून, एकही प्रोग्रॅम न उघडता टास्क मॅनेजर (मशीनचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) पाहण्यात अर्थ नाही. सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटेही सोडून द्या, कारण त्या वेळात अपडेट, अँटिव्हायरस आणि फाइलींची अनुक्रमणी (शोधासाठी सूची बनवणे) यांची झुंबड असते.

सुरुवात रीस्टार्टने करा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. रोज रात्री मशीन बंद करूनही टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) पानावर "अप टाइम" वीस-बावीस दिवस दिसतो तो याच कारणाने. रीस्टार्ट मात्र सगळे पुसून पहिल्यापासून सुरू करते. कित्येक मशीनचा आजार या एका रीस्टार्टने जातो आणि पुढचे काही वाचायची गरज उरत नाही.

दहा मिनिटांनी रोजचे सगळे उघडा. ब्राउझरचे नेहमीइतके टॅब, हिशेबाची फाइल, मेल, जे काही तुम्ही एका वेळी चालवता ते सगळे, पण त्याहून जास्त नको. अर्धा तास काम करा. मशीन रखडायला लागले की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स हा भाग निवडा आणि मेमरी, डिस्क, सीपीयू ही तिन्ही पाने एकामागून एक बघा. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, पुढे तुलना करायला लागतील.

आकड्यांचा अर्थ

मेमरीच्या पानावर नवखा माणूस पहिल्यांदा टक्केवारी बघतो आणि ६५ टक्के दिसले की घाबरतो. तिथे घाबरण्यासारखे काही नाही. रॅम वापरण्यासाठीच असते. "कॅश्ड" या नावाखाली दिसणारी रॅमही बहुतेक उपलब्धच असते: पुन्हा लागेल अशा फाइली विंडोजने हाताशी ठेवलेल्या असतात आणि कोणा प्रोग्रॅमने जागा मागितली की त्या क्षणात सोडल्या जातात. खरे बघायचे ते पुढचे.

"अव्हेलेबल" म्हणजे आत्ता मागितली तर लगेच मिळेल अशी रॅम. ८ जीबीच्या मशीनवर कामाच्या भरात ही दीड-दोन जीबी असेल तर रॅमची टंचाई नाही. पाचशे-सहाशे एमबीच्या खाली जाऊन तिथेच राहत असेल तर संशय घ्यायला जागा आहे.

"इन यूज" च्या पुढे कंसात "कॉम्प्रेस्ड" असा आकडा असतो. तो दाबून ठेवलेल्या मजकुराचा. शंभर-दोनशे एमबी चालतात. तो सतत वाढत एक जीबीच्या पुढे गेला तर विंडोज जागेसाठी धडपडते आहे असे समजा.

"कमिटेड" मध्ये तिरप्या रेघेने वेगळे केलेले दोन आकडे असतात. पहिला म्हणजे प्रोग्रॅमना एकूण किती मेमरी कबूल केली आहे तो. दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून किती कबूल करता येईल तो. पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल तर टंचाईची शक्यता वाढते. पण हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही, कारण प्रोग्रॅम मागून ठेवतात तेवढे सगळे वापरत नाहीत.

निर्णायक पुरावा रिसोर्स मॉनिटरमध्ये मिळतो. तो टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावरूनच उघडतो; विंडोज १० मध्ये खाली दुवा असतो, ११ मध्ये वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत. त्याच्या मेमरीच्या पानावर "हार्ड फॉल्ट्स" हा स्तंभ आहे. नाव भयंकर असले तरी हा बिघाड नव्हे. हवे ते पान रॅममध्ये नव्हते म्हणून डिस्कवरून आणावे लागले, एवढाच त्याचा अर्थ. नवा प्रोग्रॅम उघडताना हा आकडा काही सेकंद शेकड्यांत जातोच, कारण प्रोग्रॅमही डिस्कवरूनच येतो. तुम्ही काही नवीन उघडत नसताना, नुसते एका खिडकीतून दुसरीत जाताना हा आकडा मिनिटेच्या मिनिटे शेकड्यांत राहिला तर रॅम कमी पडते आहे. पक्की खात्री करायची तर त्याच रिसोर्स मॉनिटरच्या डिस्कच्या पानावर "डिस्क ॲक्टिव्हिटी" ची यादी वाचनाच्या वेगानुसार लावा. पेजफाइल डॉट सिस ही फाइल वरच्या दोन-तीन ओळींत ठाण मांडून बसलेली दिसली की वाद मिटला.

दोन नमुने शेजारी ठेवून बघू. दोन्ही मशीन ८ जीबीची, दोन्हींत जुनी हार्ड डिस्क, दोन्ही सारखीच रखडणारी.

पहिल्यावर इन यूज ७.२ जीबी, अव्हेलेबल ४५० एमबी, कमिटेड १३.५ / १५.९, हार्ड फॉल्ट्स सेकंदाला तीनशे-चारशे आणि डिस्क १०० टक्के. डिस्कच्या यादीत सर्वांत वर पेजफाइल. इथे रॅम घ्या. डिस्क १०० टक्के दिसते आहे, पण ती रॅमचा भार वाहते आहे.

दुसऱ्यावर इन यूज ४.६ जीबी, अव्हेलेबल ३.२ जीबी, कमिटेड ६.१ / ९.४, हार्ड फॉल्ट्स बहुतेक वेळ शून्य ते दहा आणि तरीही डिस्क १०० टक्के. यादीत वर अँटिव्हायरस, अपडेट, ब्राउझरची तात्पुरती फाइल. इथे ३२ जीबी रॅम घातली तरी मशीन तसेच रखडेल. याला एसएसडी हवी.

बहुतेक लोक "डिस्क १०० टक्के" एवढेच बघून दोन्हींना एकच औषध देतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

लिनक्स वापरणाऱ्यांनी टर्मिनलमध्ये "फ्री" ही आज्ञा देऊन "अव्हेलेबल" चा स्तंभ बघावा, "फ्री" चा नव्हे. स्वॅप, म्हणजे लिनक्सची पेजफाइल, थोडी वापरात असणे चालते. "व्हीएमस्टॅट" मध्ये "एसआय" आणि "एसओ" (स्वॅपमधून आत येणारा आणि स्वॅपमध्ये बाहेर जाणारा मजकूर) हे दोन स्तंभ सतत शून्याच्या वर राहिले तर निष्कर्ष वरच्यासारखाच.

रॅम पुरते आहे, मग घोडे कुठे अडते?

बऱ्याचदा डिस्कपाशी. टास्क मॅनेजरच्या डिस्कच्या पानावर "ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम" बघा. हार्ड डिस्कला दहा-वीस मिलिसेकंद स्वाभाविक आहेत. शंभराच्या वर जाऊन तिथेच टिकत असेल तर डिस्कला काम झेपत नाही. हजारात गेला आणि डिस्कचा वेग मात्र शून्याजवळ असेल तर डिस्क मरणाच्या वाटेवर असू शकते. अशा वेळी आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमने तिची तब्येत बघा. त्यात "रीॲलोकेटेड" किंवा "पेंडिंग" सेक्टरांचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित तुकड्यांचा) आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नका.

हार्ड डिस्कवरून विंडोज चालवणाऱ्या मशीनला साधी साटा (हार्ड डिस्कच्याच प्रकारच्या जोडणीची) एसएसडी लावली की चालू होण्याचा वेळ, प्रोग्रॅम उघडण्याचा वेळ, सगळेच बदलते. रॅम आणि एसएसडी यांपैकी एकच घ्यायचे असेल आणि मशीनमध्ये ८ जीबी रॅम असेल, तर साध्या कामासाठी डोळे मिटून एसएसडी. ४ जीबीच असेल तर दोन्ही लागतील. नुसती एक गोष्ट केली तर दुसरी बोचत राहील.

सीपीयू सतत ९० ते १०० टक्के असेल तर प्रोसेसेस या भागात कोण खातो आहे ते बघा. "स्पीड" हा आकडा "बेस स्पीड" पेक्षा बराच खाली आणि वापर मात्र जास्त असेल तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत असण्याची शक्यता आहे. कॅबिनेट उघडा, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता घालवणाऱ्या धातूच्या) पात्यांत नमद्यासारखा बसलेला धुळीचा थर काढा आणि प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदला. याला रॅमची गरज नाही, ब्रश पुरतो.

आणखी एक प्रकार आहे गळतीचा. सकाळी मशीन झकास चालते, संध्याकाळपर्यंत रॅम भरते, रीस्टार्ट केले की पुन्हा झकास. अशा वेळी एखादा प्रोग्रॅम मेमरी घेतो आणि परत देत नाही. प्रोसेसेसची यादी मेमरीनुसार लावून तासातासाने बघा; एकच नाव वाढत जाताना सापडेल. कोणतेच नाव मोठे दिसत नाही, पण मेमरीच्या पानावर "नॉन-पेज्ड पूल" एक-दोन जीबीवर गेला आहे, असे असेल तर एखादा ड्रायव्हर (विंडोजच्या आतल्या थरात चालणारा छोटा प्रोग्रॅम) गळतो आहे; बहुधा नेटवर्कचा किंवा अँटिव्हायरसचा. गळक्या बादलीऐवजी मोठी गळकी बादली आणून फक्त भरायला वेळ जास्त लागतो.

रॅम "मोकळी करणाऱ्या" प्रोग्रॅमांबद्दलही सांगायला हवे. ते सगळ्या प्रोग्रॅमांचा मजकूर रॅममधून बाहेर ढकलतात, त्यामुळे "फ्री" चा आकडा वाढलेला दिसतो आणि पुढच्याच क्लिकला तो मजकूर परत आणण्याची हमाली मशीनला करावी लागते. असले काही बसवलेले असेल तर मोजण्याआधी काढून टाका. पेजफाइल बंद करण्याचा सल्लाही असाच वाऱ्यावरचा: ती बंद केली की कमिटेडची मर्यादा रॅमएवढीच उरते आणि प्रोग्रॅम रखडण्याऐवजी थेट बंद पडू लागतात.

उसन्या पट्टीचा प्रयोग

आकडे बघून खात्री पटत नसेल तर प्रत्यक्ष करून बघा. त्याच प्रकारची पट्टी असलेला दुसरा डेस्कटॉप हाताशी असेल तर तिथली पट्टी एक दिवस आपल्या मशीनमध्ये लावा आणि नेहमीचे काम करा. ते शक्य नसेल तर उलटा प्रयोग: मशीनमध्ये ४ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून ४ जीबीवर तासभर चालवा. विशेष फरक जाणवला नाही तर ८ चे १६ केल्याने तर नाहीच जाणवणार. मशीन अगदी लोळागोळा झाले तर एवढेच कळले की ४ पुरत नाही. ८ पुरते की नाही याचे उत्तर वरच्या आकड्यांतूनच मिळते.

किती घ्यायची

कामाच्या भरात पाहिलेला "कमिटेड" चा मोठ्यात मोठा आकडा घ्या आणि त्याहून मोठे असे पहिले सोयीचे माप निवडा. १३.५ आला तर १६ जीबी. १७-१८ आला तर लगेच ३२ ला धावू नका. कबूल केलेले सगळे वापरात नसते, त्यामुळे १६ वरही चालून जाण्याची शक्यता आहे. ब्राउझर, मेल, हिशेब, पत्रे एवढेच काम असेल तर ८ जीबीत भागते आणि १६ जीबीत निवांत भागते. मोठे फोटो, व्हिडिओ जोडणे, व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) ही कामे असतील तिथे १६ ही सुरुवात समजा.

टंचाई नसतानाही रॅमने फरक पडतो असा एक अपवाद आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरता आहात आणि रॅमची एकच पट्टी आहे, अशा मशीनमध्ये दुसरी पट्टी लावली की रॅम आणि प्रोसेसर यांच्यात माहिती वाहायला दोन वाटा उघडतात. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक वाट सेकंदाला २५.६ जीबी वाहते, दोन मिळून ५१.२. प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने गेममध्ये हा फरक डोळ्याला दिसतो. पत्रे लिहिताना दिसत नाही.

कोणती पट्टी बसते

चुका सर्वांत जास्त इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

पहिले म्हणजे पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८. पण खालच्या कडेची खाच प्रत्येकीत वेगळ्या ठिकाणी असते. खाच जुळत नसताना जोर लावला तर पट्टी आणि ती बसते तो स्लॉट दोन्ही जातात. लॅपटॉपची पट्टी लांबीला जवळपास अर्धी असते, ती साध्या डेस्कटॉपला चालत नाही. काही छोट्या डब्यासारख्या डेस्कटॉपमध्ये मात्र तीच लागते. त्यामुळे कॅबिनेट उघडून जुन्या पट्टीवरचे लेबल वाचा किंवा मशीनच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅमचे "मेमरी" आणि "एसपीडी" हे दोन भाग बघा. लेबलावर पीसी३-१२८०० असेल तर ती डीडीआर३-१६००. पीसी४-२१३०० म्हणजे डीडीआर४-२६६६. पीसी४-२५६०० म्हणजे डीडीआर४-३२००.

दुसरे म्हणजे व्होल्टेज, आणि हा प्रश्न डीडीआर३ पुरताच येतो. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. एल असलेली पट्टी १.५ व्होल्टच्या जुन्या मदरबोर्डावर सहसा चालते. उलट मात्र नको: इंटेलच्या सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३एल चे स्लॉट आहेत, तिथे १.५ व्होल्टची साधी पट्टी घालू नये.

तिसरे, बोर्डाची कमाल मर्यादा. एच६१ किंवा एच८१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) बोर्डाला साधारणपणे दोन स्लॉट आणि एकूण १६ जीबी, म्हणजे स्लॉटला ८. त्याहून जुन्या जी४१ ला एकूण ८ जीबीच, तेही ४-४ च्या पट्ट्यांनी. तिथे ८ जीबीची एक पट्टी लावली तर मशीन सुरूच होत नाही. नेमका आकडा बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत मिळतो. बोर्डाचे नाव सीपीयू-झेडच्या "मेनबोर्ड" या भागात दिसते. मोकळा स्लॉट आहे का ते टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर "स्लॉट्स यूज्ड" समोर वाचा.

चौथे, विंडोज ३२ बिटचे तर नाही ना? सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट इथे "सिस्टिम टाइप" बघा. ३२ बिटचे घरगुती विंडोज ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि त्यातलेही सव्वातीन-साडेतीन जीबीच हाती लागतात. ६४ बिट करायचे तर विंडोज पहिल्यापासून नव्याने टाकावे लागते. अपग्रेडची पळवाट नाही.

दोन सापळे लक्षात ठेवा. "फक्त एएमडीसाठी" असे लिहिलेल्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. सर्व्हरमधून निघालेल्या "रजिस्टर्ड" पट्ट्या घरच्या डेस्कटॉपवर चालत नाहीत, दिसायला कितीही सारख्या असल्या तरी.

जुन्या पट्टीसोबत नवी लावायची असेल तर पिढी तीच हवी. वेग वेगळा चालतो, दोन्ही मिळून धीम्या पट्टीच्या वेगाने चालतात. मापही वेगळे चालते. ४ आणि ८ लावल्या तर बहुतेक इंटेल बोर्डांवर ८ जीबीपर्यंतचा भाग दोन वाटांनी आणि उरलेले ४ जीबी एका वाटेने चालतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या बहुधा नांदतात, पण कधीकधी भांडतात. परत करण्याची सोय ठेवून घ्या.

बसवताना

१. मशीन शट डाउन करा, पॉवर सप्लायच्या मागचे बटण बंद करा, वायर काढा. मग पुढचे चालू करायचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते.

२. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा. अंगावरच्या स्थिर विजेने पट्टी जाऊ शकते, आणि गेलेली दिसत नाही.

३. स्लॉट निवडा. दोन स्लॉट असतील तर प्रश्न नाही. चार असतील आणि पट्ट्या दोन असतील तर एकाआड एक. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. स्लॉटच्या बाजूला बारीक अक्षरांत नावही छापलेले असते.

४. टोकाच्या चिमट्या उघडा. काही बोर्डांवर चिमटी एकाच टोकाला असते, दुसरे टोक मोडले असे समजू नका. खाच जुळवा, पट्टी सरळ उभी धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर एकदम दाब द्या. चिमट्या "टक्" आवाज करून आपोआप बंद झाल्या पाहिजेत. नवख्याला वाटते त्यापेक्षा जास्त जोर लागतो. अर्धवट बसलेली पट्टी हीच "नवी रॅम खराब निघाली" या तक्रारीमागची नेहमीची गोष्ट. बसल्यावर सोनेरी पिनांची रेघ दोन्ही टोकांना सारखीच आणि जवळपास पूर्ण आत गेलेली दिसली पाहिजे.

जुनी पट्टी काढलीच आहे तर तिच्या सोनेरी पिनांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि भुकटी पूर्ण झटका. पिनांना बोटे लावू नका.

चालू केले, पण…

स्क्रीन काळी राहिली तर लगेच बटण दाबू नका. रॅम बदलल्यावर बोर्ड एक-दोनदा आपणहून रीस्टार्ट होऊ शकतो, आणि डीडीआर५ च्या मशीनवर पहिल्या वेळी रॅमची जुळवणी होईपर्यंत काही मिनिटे काळी स्क्रीन दिसणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही काही नाही, किंवा लांब बीप येत राहिले, तर वायर काढून पट्टी पुन्हा बसवा. मग एकच पट्टी ठेवून चालवा. नवी एकटी चालते का, जुनी एकटी चालते का, कोणत्या स्लॉटमध्ये चालते, अशा क्रमाने दोष सापडतो. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत तर त्यांचे पटत नाही. बायोसचे (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमचे) अपडेट करून बघा, नाहीतर सारख्या दोन पट्ट्यांचा जोड घ्या.

मशीन सुरू झाले तर टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा बघा. १६ जीबीचे १५.९ दिसणे बरोबर; प्रोसेसरमधले ग्राफिक्स असेल तर आणखी थोडे कमी दिसेल, कारण त्याचा वाटा आधीच बाजूला काढलेला असतो. "हार्डवेअर रिझर्व्ह्ड" समोर कित्येक जीबी अडकलेले दिसले तर सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूटच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत "मॅक्झिमम मेमरी" वर कोणी खूण तर केली नाही ना ते बघा आणि ती खूण काढा. वेग वाढवण्याच्या लोभाने केलेली ही जुनी उचापत पुष्कळ मशीनवर सापडते.

३२०० ची पट्टी २१३३ किंवा २६६६ वर चालताना दिसली तर बायोसमध्ये एक्सएमपी (पट्टी तिच्या पूर्ण वेगाने चालवण्याची सोय) चालू करावे लागते, आणि प्रोसेसर व बोर्डाची तेवढी क्षमता असावी लागते. चालू केल्यावर मशीन अधूनमधून कोसळू लागले तर बंद करून टाका. रोजच्या कामात तो फरक जाणवत नाही.

रात्री झोपण्याआधी रॅमची परीक्षा लावून ठेवा. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नॉस्टिक आहे. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालते आणि अधिक कसून तपासते. एक पूर्ण फेरी तरी होऊ द्या. एकही चूक निघाली तर ती पट्टी परत करा. "एवढ्या जीबीत एक चूक काय" असे म्हणू नका, ती चूक उद्या तुमच्या फाइलीत उमटेल.

मग पुन्हा रीस्टार्ट, दहा मिनिटे थांबा, तेच प्रोग्रॅम, तेच टॅब, अर्धा तास काम आणि तेच आकडे. अव्हेलेबल वर आलेले आणि हार्ड फॉल्ट्स खाली गेलेले दिसले पाहिजेत. इन यूज पूर्वीपेक्षा वाढलेला दिसेल, त्याने दचकू नका. जागा मिळाली की विंडोज आणि ब्राउझर दोघेही हातपाय पसरतात. जुनी पट्टी काढून टाकली असेल तर ती ज्या पिशवीतून नवी आली त्याच पिशवीत घालून वर पिढी आणि माप लिहून ठेवा. पुढे कधी मशीन सुरू होईना तर दोष रॅमचा की बोर्डाचा हे पाच मिनिटांत ठरवायला तीच कामी येते.